वसुली यंत्राची, भरवसा माणसाचा

(मंडळाच्या व्यापारी व उद्योजक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात वसुलीवर बोलायचे म्हणजे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर आधी 'श्री' लिहितात आणि मग जमाखर्च सुरू होतो. तेव्हा हिशेबाची गोष्ट बाप्पासमोर करायला हरकत नसावी.

आम्ही हिशेब लिहिण्याचे आणि कराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी छोट्या धंद्यातली. कुणाचा शिकवणी वर्ग, कुणाची व्यायामशाळा, कुणी डबे देतो, कुणी पाण्याचे जार पोचवतो, कुणाकडे झेरॉक्स मशीनच्या देखभालीचे करार. यांच्या वह्या पाहताना एक गोष्ट सारखी दिसते. धंदा तोट्यात नसतो, पण हातात पैसा नसतो. तो लोकांकडे अडकलेला असतो.

एक साधा हिशेब मांडू. समजा, एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि महिन्याची फी १,२०० रुपये. म्हणजे महिन्याला ७२,००० रुपये. फी पाच तारखेला द्यायची, पण सरासरीने ती वीस दिवस उशिरा येते. कुणी बुडवत नाही, सगळे देतात, फक्त उशिरा देतात. तरीही त्या शिक्षकाचे सुमारे ४८,००० रुपये कायम लोकांच्या खिशात राहिले. जागेचे भाडे मात्र त्याला एक तारखेलाच द्यावे लागते. मग तो सोने गहाण ठेवतो, नाहीतर क्रेडिट कार्डावर काढतो आणि त्याचे व्याज भरतो. वर आठवण करून देण्याचा संकोच आहेच. विद्यार्थ्याचे वडील रोज सकाळी फिरायला भेटतात. त्यांना फीबद्दल विचारायचे कसे?

हा संकोच आणि हे व्याज दोन्ही वाचवण्याची सोय आज उपलब्ध आहे. ती कशी उभी करायची ते सांगतोच. पण ती वापरताना काय सांभाळायचे, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

ठरावीक मुदतीने थोडे थोडे पैसे गोळा करणे आपल्या भागाला नवे नाही. पिग्मी हा शब्द इथल्या लहान मुलालाही माहीत असतो. त्याची सुरुवात आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर झाली. १९२५ साली उडुपीत एक बँक निघाली, पुढे ती सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. अडचणीत आलेल्या विणकरांना आधार देणे हा ती काढण्यामागचा एक हेतू होता. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना हे ऐकून आपलेपणा वाटेल. याच बँकेने १९२८ मध्ये पिग्मी योजना सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येई आणि दोन आणे घेऊन जाई.

पिग्मी ही बचत आहे, आपण बोलतो आहोत ती ग्राहकाकडून येण्याची वसुली, हा फरक आहेच. पण पिग्मी चालली कशावर हे पाहण्यासारखे आहे. रक्कम लहान, वेळ ठरलेली, गिऱ्हाइकाला चालून यावे लागत नाही, आणि घेणारा ओळखीचा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आता यंत्र करते, आणि माणसापेक्षा चांगल्या करते. चौथी यंत्राला जमत नाही. ती आपल्याला करावी लागते.

आता यंत्राकडे वळू. नव्वदच्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणले. विम्याचे आणि कर्जाचे हप्ते त्यातून कापले जाऊ लागले. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 'नॅच' ही देशभराची व्यवस्था उभी केली. १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि बँकेच्या सुट्टीच्या दिवशीही चालू असते. म्हणून 'आज बँक बंद आहे, हप्ता उद्या जाईल' हा जुना हिशेब आता चालत नाही. २०२०च्या जुलैमध्ये यूपीआयवर 'ऑटोपे' सुरू झाले आणि ही सोय मोठ्या कंपन्यांकडून छोट्या दुकानदारापर्यंत पोचली.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तिला बँकेच्या भाषेत मँडेट म्हणतात. आपण मंजुरी म्हणू. ग्राहक आपल्या बँकेला आधीच सांगून ठेवतो की, अमुक दुकानदाराने मागितले तर, इतक्या रकमेपर्यंत, इतक्या दिवसांनी, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, माझ्या खात्यातून द्या. पैसे कापण्याचा अधिकार आपल्याला मिळतो तो एवढाच. अधिकार ग्राहकाचा, आपल्याला त्यातला थोडा वापरायला दिलेला. हे एकदा नीट समजले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मंजुरी घेण्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला नॅचचा. ग्राहक कागदी फॉर्मवर सही करतो किंवा नेटबँकिंग, डेबिट कार्ड अथवा आधारच्या आधारे घरबसल्या मंजुरी देतो. कागदी फॉर्ममध्ये सही जुळली नाही म्हणून परत येण्याचे प्रमाण त्रासदायक असते, शिवाय नोंद व्हायला दिवस लागतात. शाळेची वार्षिक फी, पतसंस्थेचा कर्जहप्ता, मोठे देखभाल-करार अशा मोठ्या आणि लांब मुदतीच्या रकमांना हा रस्ता बरा.

दुसरा कार्डाचा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम यावर पूर्णपणे लागू झाले. कार्डाचा नंबर दुकानदाराने स्वतःकडे साठवून ठेवायचा नाही, हा नियम ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आपल्या गावातल्या छोट्या धंद्याला कार्डाचा रस्ता क्वचितच लागतो.

तिसरा यूपीआय ऑटोपेचा. डबेवाला, जिम, शिकवणी, जारवाला या सर्वांना आम्ही हाच सुचवतो. ग्राहक मोबाइलवर आलेली विनंती वाचतो, यूपीआय पिन टाकतो आणि मंजुरी नोंदली जाते. पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत असतील तर दर वेळी पिन लागत नाही. त्याहून मोठी रक्कम असेल तर ग्राहकाला प्रत्येक वेळी पुन्हा संमती द्यावी लागते. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून एक लाख केली आहे.

प्रत्यक्ष काम कुठून सुरू करायचे? धंद्याच्या नावाचे चालू खाते हवे. पॅन, धंद्याचा पुरावा आणि असेल तर जीएसटी नोंदणी हवी. मग एकतर आपल्या बँकेला विचारायचे, नाहीतर मध्यस्थ कंपनी निवडायची. अशा कंपन्यांना पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. त्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. ती पाहिल्याशिवाय सही करू नका. मंजुरी नोंदवण्याचे किती, प्रत्येक वसुलीचे किती, हप्ता परत आला तर किती आणि आपल्या खात्यात पैसे कितव्या दिवशी येणार, ही चार उत्तरे लेखी घ्या. विक्रीला आलेला मुलगा तोंडी सांगतो ते दर आणि करारातले दर यांत फरक निघू शकतो.

यानंतरची पायरी तारखेची. आमच्या मते यशस्वी वसुलीची निम्मी गुरुकिल्ली तारखेत आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याचा पगार ज्या दिवशी होतो, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हप्ता लावा. एक तारीख सोयीची म्हणून सगळ्यांना एक तारीख लावली तर निम्मे हप्ते परत येतील. ज्याची मजुरी आठवड्याला मिळते, त्याला महिन्याचे ८०० रुपये एकदम जड जातात. आठवड्याचे २०० जड जात नाहीत. ऑटोपेमध्ये रोज, आठवडा, पंधरवडा, महिना, तिमाही, वर्ष असे सगळे पर्याय आहेत. ते वापरा. पिग्मीवाला रोज दोन आणे घेत असे ते उगाच नाही.

वेळेचाही एक नियम आला आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून कापले जातात. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ ही गर्दीची वेळ धरली आहे. त्यामुळे 'बारा वाजले तरी पैसे आले नाहीत' म्हणून ग्राहकाला फोन करू नका. दिवस संपू द्या.

हप्ता परत आला तर काय? खात्यात शिल्लक नसणे हे नेहमीचे कारण. नॅचचा हप्ता परत गेला की बहुतेक बँका ग्राहकाच्या खात्यातून काही शे रुपये दंड आणि त्यावर जीएसटी कापतात. आता विचार करा. आपली येणे रक्कम ६०० रुपये, ग्राहक आधीच अडचणीत, आणि आपण आज, परवा, तेरवा असे तीनदा यंत्राला धाडले. त्याच्या खात्यातून दंडच आपल्या रकमेहून जास्त गेला. आपल्याला काही मिळाले नाही, आणि त्याने पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढायची कशाला? म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. एकदा परत आला की यंत्र थांबवा आणि फोन उचला. पैसे कधी ठेवता येतील ते विचारा आणि मगच पुन्हा पाठवा.

शिल्लक नसल्यामुळे असा हप्ता परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली, चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. नोटीस द्यावी लागते, पैसे भरायला पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड इथपर्यंत जाऊ शकते. कर्ज देणाऱ्या संस्था या कलमाचा आधार घेतात. ग्राहकांनी हे माहीत ठेवावे. व्यापाऱ्यांनी मात्र ६०० रुपयांसाठी कलम दाखवत फिरू नये. गल्लीत राहायचे आहे.

आता ग्राहकाच्या बाजूने बोलतो, कारण या सभागृहात बसलेला प्रत्येक व्यापारी दुसऱ्या कुणाचा तरी ग्राहक आहेच. कार्ड आणि यूपीआयच्या वसुलीत हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. कोण कापणार, किती, कधी आणि कशासाठी, हे त्यात असते. ती वाचून ग्राहक तो हप्ता थांबवू शकतो, किंवा सगळी मंजुरीच मागे घेऊ शकतो. रक्कम दर महिन्याला बदलत असेल तर कमाल मर्यादा ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरच्या या सोयीबद्दल कार्डधारकाकडून वेगळे शुल्कही घेता येत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना एक उदाहरण सांगा. दरवर्षी मेअखेरीस पासबुकात ४३६ आणि २० रुपये कापल्याच्या नोंदी दिसतात आणि 'बँकेने पैसे खाल्ले' अशी तक्रार होते. त्या प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांच्या वार्षिक हप्त्यांच्या नोंदी असतात. कधी काळी भरून दिलेल्या फॉर्मवर आपणच मंजुरी दिलेली असते. ती विमा चालू ठेवते, म्हणून ती रक्कम खात्यात ठेवलेली बरी. पण मंजुरी दिली होती हेच माणूस विसरतो, हा या सगळ्या व्यवस्थेचा मोठा धोका आहे. मोबाइलमधल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग असतो. महिन्यातून एकदा तो उघडा आणि कुणाकुणाला किल्ली दिली आहे ते पाहा. नको असलेली काढून घ्या.

या विसरभोळेपणावरच काही लोकांचा धंदा चालतो. 'फक्त एक रुपयात महिनाभर वापरा' असे लिहायचे, त्या एका रुपयाच्या मागे पुढच्या महिन्यांची मोठी मंजुरी दडवायची, आणि रद्द करायचे बटण सात पडद्यांआड ठेवायचे. सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या १३ रीतींवर मार्गदर्शक नियम काढले. रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे ही त्यांतली एक रीत, तिला 'वर्गणीचा सापळा' म्हणता येईल. मंडळाच्या वर्गणीला बदनाम करण्याचा हेतू नाही! आपल्या वर्गणीत तरी पावती मिळते आणि आरतीला बोलावतात.

आमच्याकडे येणारे काही व्यापारी हळूच विचारतात, रद्द करण्याची सोय जरा आत ठेवली तर गिऱ्हाईक टिकेल ना? आम्ही त्यांना उलटे सांगतो. पावतीवर मोठ्या अक्षरांत लिहा : 'बंद करायचे असल्यास या नंबरवर कळवा, त्याच दिवशी बंद होईल.' ज्या दारातून सहज बाहेर पडता येते, त्या दारातून माणूस निर्धास्त आत येतो. ज्याला आपण अडकवून ठेवतो तो जाताना एकटा जात नाही, गल्लीला सांगून जातो. मंजुरी रद्द झाली म्हणून आधीचे येणे बुडत नाही. ते राहतेच आणि मागताही येते. पण पुढचे कापणे तिथेच थांबले पाहिजे.

मर्यादेचेही तेच. फी १,२०० असताना मंजुरी १५,००० ची मागू नका. 'असू दे, पुढे वाढली तर' हे कारण आपल्याला पटते, पण पिन टाकणाऱ्या बाईंना समोर १५,००० दिसतात आणि त्यांचा हात थांबतो. थांबलाच पाहिजे. १,५०० ची मागा. फी वाढेल तेव्हा नवी मंजुरी घ्या, आणि का वाढली ते सांगा.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. बँकेची सूचना बहुधा इंग्रजीत येते. अनेकांना ती वाचता येत नाही किंवा ती फसवणुकीच्या मेसेजसारखी वाटते. म्हणून हप्त्याच्या दोन दिवस आधी आपला स्वतःचा साधा निरोप पाठवा. ग्राहक आपल्याशी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये. 'ताई, गुरुवारी डब्याचे २,४०० रुपये जातील. गावाला जाणार असाल तर कळवा.' एवढे पुरे. त्यात कुठलीही लिंक नको आणि पिन कधीच विचारायचा नाही, हे ग्राहकालाही सांगून ठेवा.

हिशेबाचे लोक म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पैसे आपोआप आले तरी बिल आपोआप होत नाही. मध्यस्थ कंपनी आपले शुल्क कापून एकरकमी जमा करते. पासबुकात दिसणारा आकडा म्हणजे विक्री नव्हे. कुणाचे किती आले, शुल्क किती गेले, परत किती आले, याचा मेळ दर आठवड्याला घाला. दुसरी गोष्ट कराची. २०२५च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या आणि अनेकांनी घाबरून दुकानातले क्यूआर कोड काढले. यंत्र बंद करणे हा उपाय नाही. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला २० लाख आणि मालासाठी ४० लाख उलाढालीची आहे. आपण कुठे आहोत ते ठाऊक असले आणि वही नीट असली की नोटिशीला उत्तर देता येते.

शेवटी पुन्हा त्या चौथ्या गोष्टीकडे येतो. पिग्मी गोळा करणारा माणूस दारात आला की त्याला दिसत असे : घरात आजारपण आहे, मागाचा आवाज बंद आहे, मुलीचे लग्न ठरले आहे. तो म्हणे, 'असू दे, उद्या बघू.' यंत्राला हे दिसत नाही. ठरलेल्या तारखेला ते पैसे मागते, मग घरात सूतक असो की सोहळा. म्हणून यंत्र लावताना वहीत माणसासाठी जागा ठेवा. वर्षातून एखादा महिना हप्ता थांबवण्याची सोय द्या. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांचे रोख पैसे पूर्वीसारखेच हसून घ्या, आणि पावती द्या. ज्याचा हप्ता दोनदा परत आला त्याला मेसेज नको, भेटायला जा.

वसुलीत जो वेळ वाचेल तो ग्राहकाकडे लक्ष देण्यात घालवलात, तर ही सोय तुमच्या धंद्याला लाभेल. कुणाच्या खात्यात गुपचूप हात घालायला वापरलीत, तर एका मेसेजने, एका बटणाने ग्राहक निघून जाईल. तसे जाता येणे हा त्याचा हक्क आहे.

विघ्नहर्ता आपल्या सर्वांच्या वह्या स्वच्छ आणि मने निर्धास्त ठेवो.

गणपती बाप्पा मोरया!